हरणाची शिकार आणि घराचे रक्षण यांसाठी एकच रायफल घ्यायची असेल, तर काडतूस कोणते निवडावे?

ऑस्टिनकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्ससमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या कुटुंबाची लानो गावाजवळ मोठी जमीन आहे आणि नोव्हेंबरात पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हंगाम सुरू झाला की तेथे शिकारीला येण्याचे आमंत्रण त्याने मला दिले आहे. त्या जमिनीवर रानडुकरांचाही मोठा उपद्रव आहे, त्यामुळे हरीण मिळाले नाही तरी डुक्कर नक्की मिळेल, असे तो म्हणतो. शिकाऱ्यांसाठी राज्याने सक्तीचा केलेला अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे आणि सहकाऱ्यासोबत रेंजवर जाऊन त्याच्या रायफली चालवूनही पाहिल्या आहेत.

अडचण अशी की पत्नीने एकच बंदूक घरात येऊ देण्याचे मान्य केले आहे, आणि ती अट मला रास्त वाटते. आमच्या वस्तीत अलीकडे घरफोड्या झाल्यामुळे हीच रायफल वेळ आल्यास घराच्या रक्षणासाठीही उपयोगी पडावी, अशी अपेक्षा आहे. घर एकमजली, लाकडी चौकटीचे आहे, आतल्या भिंती नेहमीच्या ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या आहेत आणि सहा वर्षांच्या मुलाची खोली आमच्या खोलीला लागूनच आहे. दुकानदार .३०८ विंचेस्टर (नावातला आकडा म्हणजे साधारणपणे गोळीचा इंचांतील व्यास) घ्या म्हणतो, सहकारी .२२३ रेमिंग्टनचा आग्रह धरतो आणि व्हिडिओ पाहावेत तर प्रत्येक जण .३०० ब्लॅकआउटचे गुणगान करताना दिसतो. तिघांचीही कारणे ऐकताना पटतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

लानोची लीज यांचे उत्तर

ऑस्टिनकर, तुम्ही घराची रचना आणि शिकारीची जागा दोन्ही सांगितल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. नुसते "कोणते काडतूस उत्तम" असे विचारणाऱ्याला कोणीही काहीही सांगू शकतो.

आधी शिकारीचे पाहू. हिल कंट्रीतील, म्हणजे लानोच्या आसपासच्या डोंगराळ भागातील हरीण उत्तरेकडील राज्यांतील हरणांच्या मानाने लहान असते. तुमच्या यजमानांकडे बहुधा पत्र्याची किंवा प्लायवूडची, खिडक्या असलेली पेटीवजा मचाण असेल आणि तिच्यापासून शंभर-सव्वाशे गजांवर मक्याचा फीडर टांगलेला असेल, कारण खासगी जमिनीवर मका टाकून हरणांना बोलावणे टेक्ससमध्ये कायदेशीर आहे. म्हणजे तुमचे सावज उभे असेल, आडवे असेल, अंतर ठाऊक असेल आणि रायफल खिडकीच्या कडेवर टेकवलेली असेल. अशा शिकारीसाठी तीनशे गजांवर मारा करणारे काडतूस विकत घेणे म्हणजे त्याचा धक्का आणि आवाज फुकट सोसणे होय.

आता आकडे. कारखाने हे आकडे साधारणपणे २४ इंची नळीवर मोजून छापतात, तेव्हा आखूड नळीतून त्याहून कमीच मिळणार, हे लक्षात ठेवून वाचावेत. .२२३ ची ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते आणि तिच्यात नळीच्या तोंडाशी सुमारे १,२८० फूट-पौंड ऊर्जा असते. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी २,९६० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सुमारे १,९५० भरते. .३०-३० विंचेस्टर हे १८९५ सालचे काडतूस १५० ग्रेनच्या गोळीला २,३९० फूट वेग आणि सुमारे १,९०० फूट-पौंड ऊर्जा देते. दुकानदाराने सुचवलेले .३०८ हे १९५२ चे काडतूस १५० ग्रेनची गोळी २,८२० फूट वेगाने फेकते आणि तिच्यात २,६०० फूट-पौंडांहून अधिक ऊर्जा असते. हरणासाठी लक्ष्यावर हजार फूट-पौंड असावेत असा जुना अडाखा आहे. तो निसर्गनियम नव्हे, पण त्याच्या आसपास राहिलेले बरे. या हिशेबाने .२२३ शंभर गजांवर जेमतेम काठावर असते आणि बाकीची तीनही निर्धास्त पास होतात.

म्हणून .२२३ बाद करावे का? टेक्ससच्या कायद्याने तसे केलेले नाही. येथे हरणासाठी केवळ रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या बहुधा छोट्या काडतुसांना मनाई आहे, त्यामुळे .२२३ चालते. मात्र बाजारात .२२३ ची जी स्वस्त काडतुसे पोत्याने मिळतात, ती सरावासाठी किंवा कायोटीसारख्या लहान प्राण्यांसाठी असतात. त्यांतील पातळ आवरणाच्या गोळ्या हरणाच्या खांद्यावर आदळून वरच्यावर फुटतात आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. हरणासाठी ६० ते ६५ ग्रेनची, शिसे आणि तांब्याचे आवरण एकजीव केलेली बाँडेड गोळी किंवा पूर्ण तांब्याची गोळी हवी. ती फुलते पण तुकडे होत नाही आणि आतपर्यंत जाते. .२२३ विषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बऱ्याचशा काडतुसाच्या नसून चुकीच्या गोळीच्या असतात.

आता घर. तुमच्या आतल्या भिंतीत अर्ध्या इंचाचे दोन जिप्सम बोर्ड आणि मध्ये साडेतीन इंचांची पोकळी एवढाच ऐवज आहे. तिला गोळी अडवणारी वस्तू समजू नका. पिस्तुलाची गोळी, बारा बोअरच्या शॉटगनचे मोठे छर्रे, रायफलीची गोळी, यांतील काहीही ती भिंत थांबवत नाही. फरक एवढाच की .२२३ ची हलकी, वेगवान, ठिसूळ गोळी पहिल्या-दुसऱ्या अडथळ्यातच गिरक्या खाऊ लागते किंवा फुटते आणि तिचा जोर लवकर ओसरतो. त्यामुळे ती पुष्कळदा नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीपेक्षाही कमी भिंती ओलांडते. .३०८ ची दीडशे ग्रेनची शिकारी गोळी मात्र तुमचे घर ओलांडून शेजाऱ्याच्या घरात जाऊ शकते. मुलाची खोली भिंतीपलीकडे असताना .३०८ हा विषय माझ्या मते तेथेच संपतो.

माझा कौल असा. एकच रायफल ही अट पक्की असेल तर .२२३ घ्यावे, पण रायफलीला ५.५६ नाटोचा (.२२३ च्याच मापाच्या लष्करी काडतुसाचा) चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, आहे का ते पाहून घ्यावे, कारण त्यात दोन्ही प्रकारची काडतुसे चालतात आणि उलट बाजूने, म्हणजे निव्वळ .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ ची लष्करी काडतुसे वापरणे, सुरक्षित नाही. नळी सोळा इंची असावी. नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा, आठ इंचांत एक फेरा घेणारे असावेत, म्हणजे ५५ पासून ७७ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या स्थिर राहतील. जुन्या बोल्ट रायफलींत (दर बारानंतर हाताने दांडा ओढावा लागणाऱ्या) बारा इंचांत एक फेरा असतो आणि त्यांतून जड गोळी डगमगत जाते. लानोला दीडशे गजांच्या आत, सावज पूर्ण आडवे असतानाच चाप ओढायचा आणि कोन तिरका असेल तर हरीण जाऊ द्यायचे, एवढा संयम असेल तर .२२३ पुरते.

डेन्व्हरचा भटक्या यांचे उत्तर

लानोच्या लीजसाहेबांशी मी अर्धाच सहमत आहे. आज निमंत्रण लानोचे आहे, उद्या कोणी कोलोरॅडोत एल्कसाठी, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणासाठी, बोलावेल. आमच्याकडे हरीण किंवा एल्कसाठी .२४ इंचांहून लहान व्यासाची रायफल चालतच नाही आणि शंभर गजांवर हजार फूट-पौंड ही केवळ वहिवाट नसून नियमच आहे. म्हणजे .२२३ घेऊन तुम्ही राज्याची सीमा ओलांडलीत की ती रायफल शिकारीच्या दृष्टीने निरुपयोगी. .३०८ ची काडतुसे कोणत्याही गावच्या दुकानात मिळतात आणि ससा सोडून बाकी सगळ्याला ती पुरतात.

धक्का सोसत नसेल तर .२४३ किंवा २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर पाहावे. साडेसात पौंडांच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२४३ च्या जवळजवळ पावणेदोन पट जाणवतो आणि नवख्या माणसाला नेमकी हीच गोष्ट बिघडवते, कारण चाप ओढण्याआधीच डोळे मिटण्याची सवय एकदा लागली की ती सुटता सुटत नाही. घराच्या रक्षणाचे म्हणाल, तर बोल्टची लांब रायफल घेऊन बोळातून फिरणे हा खुळेपणा आहे, हे मला मान्य आहे. पण मुळात एका हत्याराने दोन्ही कामे करण्याचा हट्टच मला पटत नाही.

निवृत्त सुभेदार, पुणे यांचे उत्तर

मी अमेरिकेत राहत नाही, पण आयुष्य रायफलींत गेले असल्याने दोन शब्द लिहितो. आमच्या काळात आधी ७.६२ ची एसएलआर होती आणि नव्वदच्या दशकात ५.५६ ची इन्सास आली. तेव्हा लंगरपासून मेसपर्यंत हाच वाद चालायचा, की लहान गोळीने माणूस पडतो का. फौजेत त्या वादाला एक मर्यादा होती, ती म्हणजे गोळी पूर्ण आवरणाचीच असे. १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. गंमत अशी की ज्या गोळीमुळे हा गदारोळ झाला, ती आपल्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी बनवली होती.

शिकारीत नियम नेमका उलटा आहे. पूर्ण आवरणाची गोळी हरणातून सरळ आरपार जाते, बारीक भोक पाडते आणि जनावर कोसभर जाऊन झाडीत तडफडत मरते. म्हणून शिकाऱ्याला फुलणारी गोळीच हवी. घरातही पूर्ण आवरणाची गोळी नको, कारण जे अंगातून पार जाते ते मागच्या भिंतीतूनही जाते. ऑस्टिनकरांनी "लष्करी दर्जाचे" असा शिक्का पाहून स्वस्तातली पेटी उचलू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले. ती पेटी रेंजसाठी ठेवावी.

आमच्याकडे भिंती विटांच्या असल्याने ड्रायवॉलचा प्रश्न मी कधी विचारातच घेतला नव्हता. आणि .३०८ चे म्हणाल तर भारतात नागरिकाला ते स्वप्नातच, कारण ७.६२ आणि .३०३ ही लष्करी मापे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. म्हणूनच आपल्याकडच्या परवानाधारकांच्या हाती वर्षानुवर्षे .३१५ दिसत आली. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून जवळजवळ बंदच आहे. तुम्हाला निवड करण्याची चैन आहे, ती नीट विचार करून वापरा.

कागदपत्रे आधी यांचे उत्तर

काडतुसाची चर्चा रंगली आहे, परंतु प्रश्नकर्त्याला कोणीच विचारले नाही की ते कोणत्या व्हिसावर आहेत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असे तात्पुरते व्हिसे असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला जे अपवाद आहेत, त्यांतील आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार-परवाना. दुकानात भरावयाच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जातही हे विचारले जाते आणि परवान्याची प्रत मागितली जाते. येथे एक खाच आहे. टेक्ससचा वार्षिक शिकार-परवाना ३१ ऑगस्टला संपतो. दुसऱ्या दिवशी नवा परवाना हाती नसेल, तर कपाटात बंद असलेली रायफलसुद्धा त्या दिवसापासून बेकायदेशीर ताब्यात मोडते.

दुसरी खाच रानडुकरांची. २०१९ च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकार-परवाना लागत नाही. हे ऐकून कोणी परवाना काढायचे टाळले, तर डुक्कर मारणे कायदेशीर ठरेल आणि हातातली बंदूक बेकायदेशीर. तिसरी खाच म्हणजे जोडीदार. एच-४ वरील पत्नीला तिजोरीची किल्ली किंवा आकडा ठाऊक असेल, तर तिचाही ताबा मानला जाऊ शकतो. तिच्याही नावाने शिकार-परवाना काढून ठेवणे स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. अशा गुन्ह्याने व्हिसा, ग्रीन कार्ड सगळेच धोक्यात येते, तेव्हा खरेदीपूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे.

ऑस्टिनकर यांचे उत्तर

सर्वांचे आभार. आम्ही दोघे अनुक्रमे एच-१बी आणि एच-४ वर आहोत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, त्यामुळे वरील माहिती अगदी वेळेवर मिळाली. माझा परवाना तयार आहे. पत्नीसाठीही अभ्यासक्रमाची नोंदणी करत आहोत, कारण २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे. एल्कची शिकार नजीकच्या काळात तरी संभवत नाही. .३०८ बाजूला ठेवतो. .३०० ब्लॅकआउटविषयी मात्र अजून कोणी बोलले नाही.

ह्यूस्टनची मावशी यांचे उत्तर

ब्लॅकआउट मी वापरते, म्हणून मीच सांगते. हे काडतूस २०११ मध्ये अधिकृतपणे प्रमाणित झाले. .२२३ ची पुंगळी (काडतुसाचे पितळी नळकांडे) कापून तिच्यात .३० व्यासाची गोळी बसवावी, असा त्याचा साधा घाट आहे. एआर-१५ या .२२३ च्या अर्धस्वयंचलित रायफलीची फक्त नळी बदलली की झाले, बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) आणि मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) तीच राहतात. सव्वाशे ग्रेनच्या आसपासची गोळी सुमारे २,२०० फूट वेगाने जाते, म्हणजे शंभर गजांच्या आत हरीण आणि मध्यम आकाराचे डुक्कर यांना पुरेशी. त्याची दारू आखूड नळीतच जळून संपते, त्यामुळे सोळा इंची नळीत .२२३ चा जो तोटा होतो तो येथे होत नाही. दुसरा प्रकार दोनशे वीस ग्रेनच्या, आवाजाच्या वेगाहून मंद गोळ्यांचा. तो सायलेन्सरसोबत गोड वाजतो, पण साध्या रचनेची तशी गोळी फुलत नाही, तेव्हा सावजासाठी ती नको.

बंद खोलीत .२२३ चा एक बार सुमारे १६० डेसिबलपर्यंत जातो आणि १४० च्या वर कानाला कायमची इजा संभवते. त्यामुळे घराच्या रक्षणाचा विचार करणाऱ्याने सायलेन्सरचाही विचार करावा. १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलर कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. नोंदणी आणि मंजुरी मात्र पूर्वीप्रमाणेच लागते. व्हिसावर असताना ती कितपत जमेल, ते वर म्हटल्याप्रमाणे वकिलालाच विचार.

आता जपण्याची गोष्ट. ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या मॅगझिनमध्ये बसते आणि काही गोळ्यांच्या आकारामुळे ते .२२३ च्या चेंबरमध्येही जाऊन बोल्ट बंद होतो. त्यानंतर चाप ओढला तर .३० व्यासाची गोळी .२२ च्या नळीत अडकून रायफल हातात फुटते. ज्याच्या घरात एकच रायफल आहे त्याला हा धोका नाही, पण तुझ्या सहकाऱ्याकडे .२२३ आहे. त्याच्या मचाणावर दोन मॅगझिन शेजारी शेजारी पडली की काय होईल, याचा विचार कर. माझ्या ब्लॅकआउटच्या प्रत्येक मॅगझिनवर लाल पट्टा आहे आणि त्याशिवायचे मॅगझिन मी गाडीतही ठेवत नाही. शिवाय ब्लॅकआउटची गोळी जड आणि मंद असल्याने भिंतीत .२२३ सारखी लवकर विस्कटत नाही. तुझ्या घराची रचना पाहता मीसुद्धा .२२३ च सांगेन.

डुकराविषयीही एक. हरणाचा नेम डुकराला लावू नकोस. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे अधिक पुढे आणि खाली असतात, म्हणून खांद्याच्या मागे हरणासारखा नेम धरला की गोळी पोटात जाते आणि डुक्कर काटेरी झुडपांत नाहीसे होते. पुढच्या पायाची रेघ सरळ वर धरून शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम हवा. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारखी जाड ढाल असते. .२२३ घेऊन बसलास तर तसल्या नराच्या वाटेला न जाता मध्यम डुक्कर निवड. साफ करताना रबरी हातमोजे घाल, कारण रानडुकरांपासून ब्रुसेलोसिस होतो, आणि मांस पूर्ण शिजवूनच खा.

कोलंबसवासी यांचे उत्तर

टेक्ससबाहेरच्या वाचकांसाठी केवळ एक नोंद. आमच्या ओहायोत हरणासाठी बाटलीसारखी मान असलेली रायफलची काडतुसे चालतच नाहीत. सपाट प्रदेश आणि जवळजवळची वस्ती यांमुळे येथे पूर्वी प्रामुख्याने शॉटगनच वापरली जाई आणि २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसे मान्य झाली. त्यामुळे येथे .२२३, .२४३, .३०८, .३०-३० या सगळ्यांवर फुली बसते. २०१९ साली आलेले .३५० लेजंड अशाच राज्यांतील शिकारी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहे. एआरमध्ये चालते, धक्का कमी, दीडशे-पावणेदोनशे गजांपर्यंत पुरेसे. तेव्हा वरील चर्चा वाचून कोणी ओहायोत .२२३ घेऊन हरणामागे जाऊ नये.

ऑस्टिनकर यांचे उत्तर

मावशी, लाल पट्ट्याची गोष्ट पक्की लक्षात राहिली. मग .२२३ निश्चित करतो. शेवटची शंका अशी की हरणासाठी घेतलेली ६२ ग्रेनची बाँडेड काडतुसेच घरासाठीही भरून ठेवली तर काय बिघडेल? दोन प्रकार सांभाळण्याचा व्याप वाचेल.

लानोची लीज यांचे उत्तर

बिघडेल ते असे. बाँडेड गोळीचा गुण हाच की ती आदळल्यावर तुटत नाही, आणि हरणाच्या बरगड्यांत जो गुण तोच ड्रायवॉलमध्ये दोष. ती हलक्या गोळीहून अधिक भिंती ओलांडते. घरासाठी ५५ ग्रेनच्या आसपासची, लवकर फुटणारी, प्लास्टिकच्या टोकाची किंवा पोकळ टोकाची गोळी वेगळी ठेवावी. दोन मॅगझिन, दोन रंग, एवढाच व्याप आहे.

मात्र दोन्ही गोळ्या एकाच जागी लागणार नाहीत. रायफलीची दुर्बीण शिकारीच्या गोळीवर शंभर गजांना जुळवावी आणि मग त्याच बैठकीत घरची गोळी कुठे पडते, ते कागदावर पाहून ठेवावे. एखाद-दोन इंचांचा फरक असतो. घरातल्या अंतरावर त्याने काही बिघडत नाही, पण तेथे वेगळीच गोष्ट आड येते. दुर्बीण नळीच्या सुमारे अडीच इंच वर बसते, म्हणून पाच-सात गजांवर गोळी नेमाच्या ठिकाणापेक्षा दोन इंचांहून अधिक खाली लागते. रेंजवर कागद अगदी जवळ लावून एकदा हे पाहाच. दुर्बीण एकपटीपासून सुरू होणारी घ्यावी. चारपटीच्या काचेतून स्वतःच्या बोळात काहीही दिसत नाही. रायफलीवर प्रखर दिवा हवा, कारण अंधारात समोर कोण उभे आहे ते ओळखल्याशिवाय सेफ्टी काढायचीच नाही.

रायफल मुलाच्या हाती लागता कामा नये, हे तुम्हाला सांगायला नको, पण कायदाही तेच सांगतो. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणाने लागू देणे हा गुन्हा आहे. पलंगाजवळ बोटांच्या बटणांनी उघडणारी पोलादी पेटी भिंतीच्या लाकडी खांबाला बोल्टने जखडावी. आणि त्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर हाती असताना पुढच्या दाराकडे वळावे. चौकटीतल्या कडीच्या पट्टीला बिल्डरने पाऊण इंची स्क्रू मारलेले असतात, जे एका लाथेत निघतात. ते काढून तीन इंची स्क्रू बसवले की ते चौकटीमागच्या खांबात रुततात. खर्च दहा डॉलरही नाही, आणि रात्री दार तुटायला लागणारा वेळ वाढला की फोन करायला आणि मुलाला उचलून आणायला तेवढी उसंत मिळते.

मुलाला तुमच्या खोलीत आणायचे आणि दाराकडे तोंड करून तेथेच थांबायचे, असा बेत असेल, तर मुलाची भिंत तुमच्या नेमाच्या रेषेत येत नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून ठेवा. पलंगाच्या ज्या कोपऱ्यातून दारापलीकडे बाहेरची विटांची भिंत येते, तो कोपरा तुमचा. तसा कोपरा सापडत नसेल, तर रायफल तीच राहू द्या आणि पलंगाची जागा बदला.